कडेने जा

2024च्या जूनमधल्या एका सकाळी, फ्रान्सच्या निएव्र भागातल्या एका अरुंद चढावर, माझ्या सायकलमागे एक जुनी पांढरी मोटार आली आणि मागेच राहिली. चढ मोठा नव्हता, दीडेक किलोमीटरचा असेल. पण मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या आणि शिध्याच्या पिशव्या लटकत होत्या, माझे वय बावन्न होते, आणि सगळ्यांत हलका गिअर टाकूनही सायकल पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीनेच वर सरकत होती. मोटारीने हॉर्न वाजवला नाही, इंजिनाची घरघर वाढवली नाही, अंतर कमी केले नाही. वीस-पंचवीस हातांवरून ती तितक्याच संथपणे येत राहिली. मी दोनदा मान वळवून पाहिले, डाव्या हाताने पुढे जाण्याची खूण केली, तरी ती येत नव्हती. शेवटी मला राहवेना. मी ब्रेक दाबले, उतरले आणि सायकल कडेच्या ओल्या गवतात ओढली. तिथल्या कसल्याशा खाजऱ्या पानांनी पोटऱ्यांची आग झाली. मोटार माझ्याजवळ येऊन थांबली, काच खाली झाली, आणि पंच्याहत्तरीच्या एका बाईंनी काळजीच्या स्वरात विचारले, “काय झालं? लागलं का कुठे?” मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितले की काही झाले नाही, मी तुम्हाला वाट देते आहे. त्यांना ते कळेचना. “पण कशासाठी? तुम्ही चांगल्या जात होतात की!” त्यांच्या शेजारच्या सीटवर कागदात गुंडाळलेले दोन लांबट पाव होते. त्या आणखी एक वाक्य बोलल्या. मला ते अर्धवट समजले. मी हसून मान हलवली आणि पुन्हा हाताने पुढे जायला सांगितले.

एवढेच घडले. पण पुण्याला परत आल्यावर प्रवासाविषयी कुणी विचारले, की कालवे, वाडे, द्राक्षमळे यांच्याआधी मला तो चढ आठवतो आणि उतरण्याची माझी ती घाई आठवते.

मी सायकल शिकले ते पुणे अजून सायकलींचे शहर म्हणवले जात होते. तरीसुद्धा रोज शाळेला निघताना आई दारातून जे म्हणायची, ते “नीट जा” नव्हते, “लवकर ये” नव्हते. ते “कडेने जा गं” होते. चाळीस वर्षांत ते दोन शब्द माझ्या खांद्यांत आणि मनगटांत जाऊन बसले आहेत. मागून इंजिनाचा आवाज आला की हँडल आपोआप डावीकडे वळते, पाठ आखडते, श्वास अर्ध्यावर थांबतो. मोठे वाहन येते आहे म्हणजे आपण जागा सोडायची, डांबरावरून मातीत उतरायचे, ते गेले की पुन्हा वर यायचे. यात अपमान आहे असे मला कधी वाटले नाही. पाऊस आला की छत्री उघडावी, तसे ते होते. त्या चढावर पहिल्यांदा मला माझे शरीर हे करताना बाहेरून दिसले, आणि तेही अशा ठिकाणी, जिथे त्याची कुणी अपेक्षा केली नव्हती.

अपेक्षा नव्हती, याला कायद्याचेही कारण आहे. तिकडे वस्तीबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर ठेवावे लागते, वस्तीत एक मीटर. त्यासाठी रस्त्यावरची अखंड पांढरी रेघ ओलांडण्याचीही मुभा 2015 पासून आहे. आता तो रस्ता जेमतेम तीन मीटर रुंदीचा होता. त्यातून दीड मीटर वजा करा, माझी आणि माझ्या पिशव्यांची रुंदी वजा करा. जे उरते त्यात मोटार मावत नाही. म्हणजे मागे राहण्यावाचून बाईंना गत्यंतर नव्हते. हा हिशेब मी त्याच संध्याकाळी तंबूत पडल्या पडल्या केला आणि माझे समाधानही झाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर नाइलाज नव्हता, ही गोष्ट त्या हिशेबात बसत नव्हती.

मी ओसेरला सायकल भाड्याने घेतली होती आणि निव्हेर्ने कालव्याच्या काठाने दक्षिणेकडे निघाले होते. 174 किलोमीटरचा हा कालवा सेन आणि ल्वार या दोन नद्यांच्या खोऱ्यांना जोडतो. पॅरिसच्या चुलींना मोर्व्हाँच्या डोंगरातले सरपण पुरवण्यासाठी 1784 मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि पुरे व्हायला साठेक वर्षे लागली. आता त्यावरून सरपण जात नाही. सुट्टीवर आलेल्या लोकांच्या होड्या जातात, त्याही तासाभरात एखादी. घोडी ज्या वाटेने होड्या ओढत चालायची, त्या वाटेने आज सायकली जातात. सार्दी गावापाशी काही किलोमीटरांच्या अंतरात होड्यांना पायरी-पायरीने वर चढवणारी सोळा लॉक्स आहेत. प्रत्येकाशेजारी राखणदाराचे छोटे घर आहे. काहींच्या खिडक्यांत लाल जिरेनियम फुललेले आहे, काहींची दारे फळ्या ठोकून बंद केलेली आहेत. पुढे ला कोलाँसेलला कालवा डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांत शिरतो आणि सायकलवाल्याला डोंगरावरून जावे लागते. तिथे मी पहिल्यांदा काठ सोडला, नकाशावर पांढऱ्या रेघेने दाखवलेल्या रस्त्याला लागले, आणि मग काठावर परतण्याची मला घाई उरली नाही.

तिकडच्या कागदी नकाशांवर मोठे रस्ते तांबडे, त्याखालचे पिवळे आणि सगळ्यांत लहान ते पांढरे असतात. सायकलने फिरणारे जुनेजाणते लोक नवख्यांना पहिला सल्ला देतात तो हाच, की पांढऱ्या रेघांवर राहा. या रस्त्यांना दुभाजक नाही, कडेला पट्टे नाहीत, बहुतेक ठिकाणी मधली रेघसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना झुडपांचे कुंपण, त्याच्या पलीकडे हिरवी कुरणे आणि त्यांत शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाई. मी आले की त्या चरायच्या थांबायच्या, आणि एखादी धीट कालवड तारेच्या आतून माझ्या बरोबरीने शेताच्या टोकापर्यंत चालत यायची. मैलाचे दगड अजून जुन्याच घडणीचे, पांढरे, माथ्याला पिवळा रंग. एका दगडाला टेकून मी वेळ लावून पाहिला होता: सत्तेचाळीस मिनिटांत एक ट्रॅक्टर आणि टपालखात्याची एक पिवळी गाडी.

अशा रस्त्यावर आवाज नसतो असे नाही. उलट इतके आवाज असतात, की सुरुवातीला मी गोंधळून गेले. टायर कोरड्या डांबरावर वेगळा बोलतो आणि झाडाच्या सावलीत ओल राहिलेल्या डांबरावर वेगळा. चेन दोन दिवस तेलावाचून राहिली की तिचा एक दुवा दर फेऱ्याला बारीक कुरकुरतो, आणि पुण्यात वर्षभर न ऐकू आलेली ती कुरकुर इथे मैलभर सोबत करते. आपल्या पावशाचा तिकडचा भाऊबंद कुक्कू एका झाडीतून साद घालतो आणि दुसऱ्या झाडीत पोहोचेपर्यंत तीच साद मागे ऐकू येत राहते. चंडोल दिसत नाही, नुसता वरून बरसत असतो. आणि घंटा. गावच्या चर्चची घंटा तास मोजून देते आणि मिनिट-दोन मिनिटांनी तोच तास पुन्हा मोजून देते. हे बिघडलेले घड्याळ असावे असे मला पहिल्या दिवशी वाटले. शेतात काम करणाऱ्याचे पहिले टोल हुकले किंवा मोजताना चुकले तर त्याच्यासाठी हे दुसरे टोल असतात, असे ग्रामपंचायतीच्या छोट्याशा तंबू-मैदानाची राखण करणाऱ्या गृहस्थांनी मला सांगितले. ते ऐकल्यापासून मी पहिले टोल मोजायचे सोडून दिले आणि दुसऱ्यांची वाट पाहू लागले.

दुपारी बारा ते दोन या वेळात तर रस्ता पूर्ण रिकामा होतो, कारण सगळे जेवायला बसलेले असतात. दुकाने बंद, पोस्ट बंद, कालव्याची लॉक्सही जेवणापुरती बंद. उघड्या खिडक्यांतून काटे-चमच्यांची किणकिण आणि रेडिओवरच्या बातम्या येतात. दोन तासांच्या त्या अवधीत मी गावामागून गाव ओलांडत असे आणि रस्त्यात एकही माणूस दिसत नसे. पहिले तीन-चार दिवस यासारखे सुख नाही असे मला वाटले. रस्त्याच्या मध्यावरून सायकल चालवता येते, वळणावर डावी-उजवी बाजू बदलता येते, मोठ्याने गाता येते. मी गायलेसुद्धा.

हा रिकामेपणा आला कुठून, हा प्रश्न मला पाचव्या दिवशी पडला, तोही पाण्यामुळे. सायकलवाल्यांना ठाऊक असते, की गावात दुकान नसेल, कॅफे नसेल, तरी दफनभूमीच्या दारात नळ असतो. पिण्याचे पाणी नसल्याची पाटी नाही, एवढे पाहून घ्यायचे आणि बाटली भरायची. त्या नळावर एक म्हातारे गृहस्थ पत्र्याच्या झारीत पाणी भरत होते. गावात किती लोक राहतात, असे मी सहज विचारले. त्यांनी झारी खाली ठेवली आणि बोटांवर घरे मोजायला सुरुवात केली. मोजून झाल्यावर म्हणाले, एकाहत्तर. त्यांच्या लहानपणी नुसत्या शाळेत चाळीस पोरे होती. ती शाळा मी येताना पाहिली होती. दारावरच्या दगडात “मुलांची शाळा” आणि पलीकडच्या दारावर “मुलींची शाळा” अशी अक्षरे कोरलेली, मध्ये ग्रामपंचायतीची खोली, आणि दोन्ही दारांना कुलपे. हा रस्ता डांबरी झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, असे ते म्हणाले. डांबर इतके गरम होते की आमच्या लाकडी तळव्यांच्या चपला त्याला चिकटल्या, आणि त्या वर्गातली बहुतेक पोरे पुढे त्याच रस्त्याने गेली.

त्यांच्याकडून निघाल्यावर मी त्या रस्त्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. फ्रान्समध्ये एकूण 11 लाख किलोमीटरांच्या आसपास रस्ते आहेत आणि त्यांतले फार मोठे प्रमाण अशा गावठी रस्त्यांचे आहे. 1836 च्या कायद्याने प्रत्येक गावावर आपापले रस्ते राखण्याची जबाबदारी टाकली, आणि त्यासाठी गावकऱ्यांना वर्षातून काही दिवस अंगमेहनत द्यावी लागे किंवा तिच्या बदल्यात पैसे. म्हणजे मी ज्या वळणावर गात होते, ते वळण कुणीतरी बैलगाडीतून खडी आणून, आपल्या शेताचे काम बाजूला ठेवून घातले होते, कारण बाजार होता, चक्की होती, पलीकडच्या गावी दिलेली मुलगी होती. रस्ते माणसांनी भरलेल्या मुलखासाठी बांधले गेले. 1880च्या दशकात निएव्रची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. आज ती दोन लाखांच्या आसपास आहे, चौरस किलोमीटरला तीसेक माणसे. आपल्या महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत हाच आकडा 365 होता. रस्ते मात्र आहेत तेवढेच आहेत, आणि तितक्याच निगुतीने राखलेले आहेत.

माणसे जाण्याची रीत इथे फार जुनी आहे. मोर्व्हाँच्या डोंगरातल्या बायका एकोणिसाव्या शतकात दाई म्हणून पॅरिसला जात. स्वतःचे तान्हे आजीपाशी ठेवायचे आणि पॅरिसच्या श्रीमंत घरातले मूल पाजायचे. त्या पैशातून गावी स्लेटच्या छपराचे घर उभे राहायचे. उलट दिशेने पॅरिसची अनाथ मुले या डोंगरातल्या घरांत वाढायला येत. दूध विकण्यासाठी लेकराला मागे ठेवून निघालेली ती बाई याच वळणांवरून गेली असेल, हा विचार एकदा मनात आला आणि त्या दिवशी पुढे मला गाता आले नाही.

मग महायुद्ध. प्रत्येक गावच्या चौकात त्याचा दगडी स्तंभ आहे, अगदी शंभर वस्तीच्या गावातही. एका गावी मी सावलीसाठी स्तंभापाशी बसले आणि 1914 ते 1918 खालची नावे मोजली. एकतीस. एकच आडनाव ओळीने चार वेळा. अक्षरांतला सोनेरी रंग उडालेला होता. बोट फिरवले तर खोबणीत शेवाळ लागत होते. त्या गावात मला जिवंत माणूस एकच दिसला, खिडकीची झडप लावून घेणारा. चौकाच्या कोपऱ्यात, पूर्वी बेकरी असावी अशा घराच्या भिंतीला टेकून, पाव देणारे यंत्र उभे होते. नाणे टाकले की आत काहीतरी घसरते आणि खालच्या फटीतून कोमट पाव बाहेर येतो. मी तो घेतला. तो चांगला होता, कवच कुरकुरीत आणि आतून लुसलुशीत. पण पाव घेताना “बोंझूर” म्हणायला समोर कुणी नव्हते आणि मला ते फार लागले, कारण आठवडाभरात माझ्या बोलण्याचा निम्मा भाग त्या एका शब्दाचाच झाला होता.

काही गावांच्या वेशीवर गावाच्या नावाची पाटी उलटी बसवलेली दिसली. आधीच्या हिवाळ्यात शेतकऱ्यांनी निषेध म्हणून देशभर पाट्या उलट्या केल्या होत्या, सगळा कारभारच डोक्यावर उभा आहे हे सांगण्यासाठी. बहुतेक ठिकाणी त्या परत सरळ झाल्या होत्या, इथे राहिल्या होत्या. मान वाकडी करून मी ती नावे वाचत गेले.

सायकलवरून असे हिंडणे हा प्रकार या देशात चांगलाच रुजला, हे मला निघण्यापूर्वी माहीत होते. सेंत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, ज्यांना सगळे व्हेलोसियो म्हणत, यांनी शर्यतीच्या बाहेर सायकलला एक आयुष्य मिळवून दिले. चढावर गिअर बदलण्यात कमीपणा नाही, हे त्यांना वर्षानुवर्षे सांगावे लागले. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणारी यंत्रणा 1937 पर्यंत वापरू देत नसत. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, दिमाखासाठी पायडल मारू नये, असे त्यांचे सांगणे होते. 1930 मध्ये आपल्याच शहरात ट्रामची धडक बसून ते गेले. त्यांच्यानंतर सहा वर्षांनी, 1936 च्या जूनमध्ये, फ्रेंच कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि कारखान्यांतली तरुण जोडपी दोन सीटांच्या सायकली घेऊन खेड्यांकडे निघाली. त्या उन्हाळ्यात या रस्त्यांवर किती गजबज असेल! त्यांना ओलांडून जाणाऱ्या मोटारी थोड्या होत्या आणि त्यांच्याकडे पाहून हात हलवणारी पोरे कुंपणाकुंपणावर होती. मला जो रस्ता मिळाला, त्यावर मोटारीही नव्हत्या आणि पोरेही नव्हती.

माझे सुख खोटे होते असे मी म्हणणार नाही. त्या दहा दिवसांत माझे खांदे जितके सैल झाले, तितके ते कित्येक वर्षांत झाले नव्हते, आणि आजही सिंहगड रस्त्यावर सिग्नलला उभी असताना मी डोळे मिटून त्या ओल्या डांबराचा आवाज आठवते. पण ज्या शांततेसाठी मी इतके पैसे खर्चून गेले, ती तिथल्या माणसांनी मागितलेली नव्हती, हे कळल्यानंतर ती पूर्वीसारखी माझी राहिली नाही.

आता पुन्हा तो चढ.

बाईंचे जे वाक्य मला अर्धवट कळले होते, ते मी कानात तसेच जपून आणले होते, अर्थावाचून, नुसत्या चालीसकट. परतल्यावर तीन आठवड्यांनी, भाजी निवडत असताना, ते अचानक सुटे झाले. त्या म्हणाल्या होत्या, “पुढे कुणीतरी असलं की बरं वाटतं.” मी ते सभ्यपणाचे बोलणे समजून मान हलवली होती. त्या पाव आणायला दूर गेल्या होत्या आणि घरी परत निघाल्या होत्या. जाताना-येताना त्यांना रस्त्यात कुणी भेटले नसेल. मग त्या चढावर त्यांना पिशव्या लटकवलेली एक सायकल दिसली, आणि त्या तिच्यामागून चालल्या.

मी वाट दिल्यावरही त्या लगेच निघाल्या नव्हत्या. आधी तुम्ही, असे त्यांनी हाताने सांगितले. नाही, आधी तुम्ही, असे मी सांगितले. दोनदा असे झाल्यावर त्या गेल्या, अगदी हळू. चढाच्या माथ्यावर दुसरा रस्ता येऊन मिळत होता. तिथे त्यांच्या मोटारीचे मागचे लाल दिवे लागले आणि बराच वेळ लागलेलेच राहिले. उजवीकडून कुणी येत असेल, त्याला आधी जाऊ देत असतील, असे तेव्हा मला वाटले. उजवीकडून कुणीच येत नव्हते. माथा उघडा होता, मैलभर दिसत होते. त्या आरशात पाहत होत्या. आणि मी गवतात उभी राहून, त्यांच्याकडे पाठ करून, बाटलीतले पाणी पीत होते आणि रस्ता पुन्हा मोकळा होण्याची वाट पाहत होते.